माठाखालचं चाक आणि मिरच्यांचा बत्ता

समस्त लहानथोर मंडळींस, विशेषतः ज्यांच्या दारात चार चाके आहेत पण ती फिरत नाहीत अशांस, कळविण्यास अत्यंत दुःख होते की, पश्चिम खानदेशातील खापर मुक्कामी डॉक्टरसाहेबांच्या बेबी गाडीच्या मागच्या धुऱ्यातील पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक अल्पशा कुरकुरीनंतर, ऐन बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात निवर्तले. त्याच्या पश्चात एक मोठे दातेरी चाक (तेही दात पडलेले), एक डॉक्टर, एक डॉक्टरीणबाई आणि सातपुड्याच्या पायथ्याची सगळी गावे असा परिवार आहे.

हा मजकूर मी नंदुरबारच्या आमच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने खरोखर लिहिला होता. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि माझे भागीदार, तो वाचून म्हणाले, "पाव्हणा, पुसी टाक. डॉक्टर ई ऱ्हायनात."

डॉक्टर समोरून येतच होते. मी बाहीने पुसला. पण ओळी मला अजून पाठ आहेत, कारण त्या दिवसांत लिहिलेली माझी ती एकच गोष्ट पुढे अक्षरशः खरी ठरली.

दुकान म्हणजे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक पत्र्याची खोली. आम्ही बेबी गाडीचे सुटे भाग विकत होतो. बेबी म्हणजे विलायतेहून आलेली ती छोटी मोटार. चार माणसं बसली की गुडघे हनुवटीला, आणि हमाल दोघं असले तर उचलून वळवता यायची. कापसाला बरा भाव होता तेव्हा आमच्या भागात पाचसहा जणांनी हौसेने घेतल्या होत्या. दाजींना ती गाडी बायकोपेक्षा जास्त आवडायची. हे मी नाही, माझी बहीण म्हणायची. मला गाडीपेक्षा गाडीच्या गोष्टी आवडायच्या. असा तो संसार होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईआधी काम सोपं होतं. मुंबईच्या आयात करणाऱ्या पेढीला पत्र टाकायचं, भाग बोटीने यायचा आणि तिथून रेल्वेने आमच्याकडे. लढाई सुरू झाली आणि पेढीची उत्तरं बदलली. आधी "माल पुढच्या बोटीने येईल" असं यायचं. मग "माल बोटीवर आहे." मग "बोट कुठे आहे हे सांगण्यास परवानगी नाही." शेवटी नुसती छापील दिलगिरी यायला लागली. दाजी ती दिलगिरी दुमडून दिव्याच्या काचेखाली ठेवत. त्यांचं म्हणणं, काच हलत नाही.

मग आम्ही मेलेल्या गाड्यांच्या मागे लागलो. कुठे बेबी बंद पडली, कुणाची विहिरीत गेली, कुणाच्या खळ्यात कोंबड्या तिच्यात अंडी घालतात, ही बातमी आम्हाला गिधाडांच्या आधी कळायची. रनाळ्याला एक गाडी पडली आहे असं ऐकलं की आम्ही पिशवीत पाने-पकडी घालून निघालोच. तिथे पोचलं की लगेच पाना काढायचा नाही, हा नियम होता. आधी ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, गाडीची चौकशी करायची, "फार गुणाची होती" म्हणायचं. मालक थोडा गहिवरला की दाजी हळूच विचारत, "मंग, कार्बोरेटरनं काय करनं शे?" दुखवट्याला जाऊन मढ्याच्या अंगावरचे दागिने मागावेत तसलं ते काम. पण आम्ही ते इतक्या प्रेमाने करायचो की बरेच लोक आम्हाला जेवायला थांबवत.

डॉक्टर मात्र आमचे एकच होते. मूळचे नाशिककडचे, साठीच्या आतबाहेरचे, पाठीतून वाकलेले, बोलायला इतके सभ्य की सुई टोचतानाही "माफ करा" म्हणत. खापरला त्यांचा दवाखाना होता आणि खापरच्या पुढे, रस्ता जिथे संपतो तिथे, आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ते गाडी घेऊन जात. पुढे नुसते डोंगर. मोलगीकडची माणसं आपले आजारी लोक झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, खांद्यावरून उतरवत आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या मोहाच्या झाडाखाली आणून ठेवत. डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसून तपासत. गाडी चालू होती तोवर ते सकाळी जाऊन दुपारी परत येत. पिनियन मोडल्यावर ते बैलगाडीने गेले. पोचायला दिवस कलला. झाडाखाली झोळी होती, तिच्याभोवती माणसं बसली होती, पण त्यांनी झोळीचं तोंड आधीच बांधून टाकलं होतं.

त्यानंतर ते आमच्या दुकानात आले होते. फळा पुसला तो तेव्हाच.

"मी तुम्हाला घाई करत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दिवाळीपर्यंत ती चालली तर मी आहे. नाही चालली तर आम्ही नाशिकला मुलाकडे जातो. बैलगाडीने जाऊन मी कुणालाच उपयोगाचा नाही. आणि माझी पाठही आता बैलगाडीची राहिलेली नाही."

दाजी म्हणाले, "दिवाळीना आधी चाली, साहेब." दाजींना हा रोगच होता. देवाने सांगितलेलं नसलं तरी ते तारखा द्यायचे.

डॉक्टरीणबाई आमच्या विरुद्ध पक्षात होत्या, आणि उघडपणे. त्यांना खापर सोडायचं होतं. त्यांची ट्रंक कधीपासून भरून बाहेरच्या खोलीत ठेवलेली होती आणि पाहुण्यांना त्या ट्रंकेवरच बसवत. नेसायला लुगडं काढायचं झालं की पाहुण्याला उठावं लागे. आम्ही रिकाम्या हाताने गेलो की त्यांचा चेहरा उजळायचा. "काही मिळालं नाही ना? बरं झालं. बसा, चहा टाकते."

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. डॉक्टर बाहेर असले आणि झोळी थेट घरीच आली, तर झोळी वाहणाऱ्यांचा तो दमलेला हुंकार ऐकून त्या स्वयंपाकघरातूनच, न बघता ओरडत, "डॉक्टर नाहीत! दुसरीकडे घेऊन जा!" मग लगेच हात पुसत बाहेर येत, पाणी देत, ओट्यावर जागा करून देत. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. जवळपास दुसरा डॉक्टरच नव्हता. पण तोंडातून आधी तेच निघायचं.

आता इथे थोडं गाडीचं शास्त्र. घाबरू नका, मलाही तेवढंच येतं. बेबीच्या मागच्या धुऱ्यात ताटलीएवढं एक दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात, आणि त्याच्या दातांत दात घालून फिरणारं एक छोटं, लांब दांड्याचं पिनियन. ही दोन एकमेकांना घासून घासून एकजीव झालेली असतात. एका गाडीचं क्राउन आणि दुसऱ्या गाडीचं पिनियन एकत्र घातलं की ते पहिल्या चढालाच एकमेकांचे दात पाडतात. म्हणून घ्यायची ती जोडी. एकच मिळून उपयोग नाही.

आणि जोडी होती! तापीकाठच्या एका गावात, गुजर शेतकऱ्याच्या घरी. म्हाताऱ्याने केळीच्या पैशातून बेबी घेतली होती. म्हातारा वारला आणि दोन मुलं वेगळी निघाली. गाडी पडून आहे असं आम्हाला कळलं. आम्ही कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने निघालो, चढ आला की उतरून तिला ढकलत तापीपर्यंत पोचलो, नावेतून पलीकडे गेलो आणि थोरल्याच्या ओट्यावर चहा घेऊन बसलो.

"फार गुणाची होती गाडी," मी सुरुवात केली.

"अर्धी," थोरला म्हणाला.

मंडळी, मी नाटकं पुष्कळ पाहिली, पण त्या दुपारसारखा प्रवेश पाहिला नाही. पंचांनी त्या गाडीचीसुद्धा वाटणी केली होती. विकून पैसे वाटले असते तर गोष्ट संपली असती. पण बापाची वस्तू विकायची नाही यावर दोघे भाऊ एकमताचे होते. बाकी कशावरच नव्हते. मग लोहाराला बोलावून गाडी उकलली. डावी चाकं थोरल्याला, उजवी धाकट्याला. पुढचं आसन एकाला, मागचं दुसऱ्याला. एक दिवा इकडे, एक तिकडे. मागचा धुरा उघडला तर आत दोन चाकं. पंचांना काय, दोन वस्तू दिसल्या, दोन वाटे झाले. मोठं थोरल्याला आणि छोटं धाकट्याला. थोरल्याने मोठं चाक माठाखाली कडं म्हणून ठेवलं होतं. धाकट्याच्या घरी त्या पिनियनने मिरच्या कुटत होते. लांब दांडा, खाली जड दातेरी डोकं. त्याच्याइतका चांगला बत्ता मी आजवर पाहिलेला नाही.

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असावं, असं मी तेव्हा समजलो.

आम्ही डॉक्टरांची सगळी हकीकत सांगितली. थोरल्याने शांतपणे ऐकली. "डॉक्टर देवमाणूस शे. माठाखालनं चाक लई जा, काही हरकत नही. पन धाकलानं चाक त्याले जोडानं नही." आणि मग कारण सांगितलं. वाटणीच्या दिवशी दोघांनी तापीचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली होती की वाटलेलं पुन्हा एकत्र करायचं नाही. शेत नाही, भांडं नाही, काही नाही.

भिंतीपलीकडे धाकट्याकडे गेलो. तोही आदराने बोलला, गूळपाणी दिलं, आणि म्हणाला, "बत्ता लई जा. पन दादाना चाकले लावशात ते माले पाप लागी."

म्हणजे दोघेही द्यायला तयार होते, आणि दोघांच्या देण्याचा काही उपयोग नव्हता. चोरून जोडावं असं माझ्या मनात आलं, आणि मी दाजींना ते सांगितलंही. दाजी म्हणाले, "तापीनी शपथ शे, पाव्हणा. उद्या आपलेच नावमा बसनं शे." नाव उलटायची भीती खरी होती. आम्हाला पोहता येत नव्हतं.

त्या दोन घरांच्या मधल्या बोळात त्यांची आई बसली होती. वाटणी तिचीही झाली होती. अमावास्येपर्यंत एकाकडे, पौर्णिमेपर्यंत दुसऱ्याकडे. त्या दिवशी तिची खाट आणि बोचकं उचलून पलीकडे नेत. जगात एकटी तीच बाई अशी होती की जिने दोन्ही चाकं वापरली होती. इकडे असली की त्या माठातलं पाणी प्यायची, तिकडे असली की त्या बत्त्याने मिरच्या कुटायची. तिने आमचं सगळं ऐकलं होतं.

"पोऱ्यासनी वाटी लिधं," ती म्हणाली. "माले कोनी इचारं नही. पुनवले या."

पौर्णिमेला आम्ही पुन्हा गेलो. माठासाठी लाकडी घडवंची आणि एक लोखंडी खलबत्ता असं घेऊन. खाट धाकट्याच्या घरातून निघाली होती, थोरल्याच्या घरात पोचायची होती. म्हातारी बोळाच्या मधोमध थांबली, खाट वाहणाऱ्या दोन्ही मुलांना उभं केलं, बोचकं खाली ठेवलं आणि सोडलं. आत बत्ता होता. मग थोरल्याच्या दारातून सुनेने माठाखालचं कडं आणून दिलं, ते तिने त्याच बोचक्यात टाकलं.

"आई, शपथ शे," थोरला खाटेच्या एका टोकाकडून म्हणाला.

"तुमनी शे. मी आज कोनाच घरनी नही. आज मन्हा बोचकामा जे शे, ते मन्हं." आणि बोचकं दाजींच्या हातात दिलं. मला म्हणाली, "डॉक्टरले सांगजो, मिरचीना वास येई."

दोघे मुलगे खाट हातात धरून उभे होते. एकाने दुसऱ्याकडे बघितलं नाही. खाट मात्र दोघांनी सारखीच उचलून धरली होती.

एवढं गमतीत सांगतोय, पण दुकानात बोचकं उघडलं आणि गंमत तिथेच संपली. क्राउनवर माठाचं पाणी सारखं ठिबकलेलं. दात गंजून खाऊन गेलेले. पिनियन मात्र रोजच्या कुटण्याने चांदीसारखं चकचकीत. एकाच गाडीत वाढलेली दोन चाकं, आणि आता एकमेकांना ओळखतील अशी त्यांची तोंडं राहिली नव्हती. दाजींनी क्राउन विटेच्या भुकटीने घासलं. पिनियनच्या दातांत मिरची आणि लसूण घट्ट बसलेला. तो धुवायला रॉकेल हवं होतं, आणि रॉकेल तेव्हा घरातल्या एका दिव्यालाही पुरत नव्हतं. मग बाभळीच्या काट्याने टोकरून, फडक्याने पुसून, जमेल तेवढं काढलं.

"बसतीन का?" मी विचारलं.

"दिवाळीना आधी," दाजी म्हणाले. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

खापरला आम्ही दोन दिवस गाडीखाली पडून होतो. डॉक्टर दर तासाला येऊन उकिडवे बसत आणि "काही लागलं तर सांगा" म्हणत. डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या राहून बघत. त्यांनी चहा दिला, पण पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. शेवटी गाडी सुरू झाली. मागच्या धुऱ्यातून कोल्हा रडावा तसा आवाज येत होता, पण ती चालली. गावातून एक फेरी झाली. लोक दारात आले. डॉक्टर दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून ताठ बसले होते, पाठीचा बाक कुठे गेला कोण जाणे. उतरल्यावर ते दाजींना म्हणाले, "तुम्ही मला राहायला लावलंत." डॉक्टरीणबाई आत गेल्या. आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या कपडे बाहेर काढत होत्या.

पुढचा बाजाराचा दिवस. दिवाळी तोंडावर आली होती. डॉक्टर, दाजी आणि मी असे तिघं गुडघे हनुवटीला लावून निघालो. कोल्हा रडत होता. दाजी मागच्या बाजूला कान देऊन बसले होते आणि दर थोड्या वेळाने "बसी ऱ्हायनं, बसी ऱ्हायनं" म्हणत होते. म्हणजे दात जमताहेत. रस्ता जरा चढाला लागला आणि मला शिंक आली. मग दाजींना. मग डॉक्टरांना, आणि डॉक्टर शिंकून "माफ करा" म्हणाले. धुरा तापला होता. गळणाऱ्या वॉशरमधून वंगण बाहेर येत होतं आणि त्याच्याबरोबर भावाभावांच्या वाटणीची सगळी मिरची. गाडीत असा ठसका उठला की जणू कुणी आमच्या बुडाखाली फोडणी टाकली होती. आम्ही खोकत होतो, हसत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरही हसत होते. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या चढाला, मोहाचं झाड समोर दिसत असताना, मागून "कड्" असा आवाज आला. मग खडखड. मग गाडी मागे घरंगळायला लागली. दाजींनी उडी मारून चाकाखाली दगड घातला.

दाजी गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पोलादाचे तीन तुकडे होते, दोन चकचकीत, एक गंजलेला. ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. खिशात घातले. पण डॉक्टरांनी बघितलं होतं.

डॉक्टर उरलेलं अंतर चालत गेले. झाडाखाली तीन झोळ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना तपासलं, नेहमीइतकाच वेळ घेऊन. औषधं दिली. मोलगीकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पुढच्या बाजाराला?" डॉक्टरांनी त्याच्या मुलाच्या दंडाची पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग उठायला गेले तर उठता येईना. पाठ धरली होती. चालत गेल्याने की उकिडवं बसल्याने, कुणास ठाऊक.

त्या म्हाताऱ्याने मुलाला उठवलं. मुलगा बरा होता, चालत जाऊ शकत होता. त्यांची झोळी रिकामी होती. चार जणांनी डॉक्टरांना उचलून तिच्यात ठेवलं आणि डोंगराकडे जायचं सोडून खापरकडे निघाले. आम्ही दोघं झोळीच्या बाजूने चाललो. बेबी तिथेच राहिली, दगडाला टेकून. पुढे तिच्यात कुणाच्या कोंबड्या बसल्या असतील, मला माहीत नाही. आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही.

वाटेत डॉक्टर झोळीतून म्हणाले, "दिवाळीनंतर निघतो मी. तुमचं काही चुकलं नाही."   दाजी चालता चालता खिशात हात घालून ते तुकडे चाचपत होते, एकमेकांवर घासत होते. चर्र, चर्र असा बारीक आवाज येत होता.

घराशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत ट्रंक रिकामी, झाकण उघडं टाकलेली. काढलेली लुगडी दोरीवर घातलेली. आतून फोडणीचा वास येत होता, आणि झोळी वाहणाऱ्या चौघांचा तो दमलेला, लयीतला हुंकार अंगणात आला, तशी डॉक्टरीणबाईंची स्वयंपाकघरातूनच हाक आली,

"डॉक्टर नाहीत! दुसरीकडे घेऊन जा!"